पंखावरचा अर्धा मिलिमीटर

मार्चमधल्या एका शनिवारी क्लबात गिऱ्हाईक आलं. आमचं एक जुनं एकआसनी ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, विकायला काढलंय. १९७०च्या दशकातलं, १५ मीटर पंखांचं, कागदपत्रं चोख, ट्रेलरसकट. गृहस्थ भले वाटले. आधी कॉकपिटमध्ये वाकून पाहिलं, पट्टे ओढून पाहिले, लॉगबुक चाळलं, आणि मग हँगरमधले दिवे बंद करायला सांगितले. खिशातून छोटी टॉर्च काढून त्यांनी ती पंखावर जवळजवळ टेकवून आडवी धरली. दिवसाउजेडी पांढराशुभ्र दिसणारा पंख त्या तिरक्या उजेडात एकदम वेगळाच दिसायला लागला. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत बारीक बारीक भेगा, एकीशेजारी एक, बोट-दोन बोटं अंतरावर. त्यांनी एका भेगेवरून नख फिरवलं, टॉर्च बंद केली आणि म्हणाले, “रंग संपलाय याचा.” मग कॉफी घेतली, पावसाबद्दल बोलले, आणि गेले.

बोलले ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं. त्या पंखावर मी सलग कित्येक हिवाळे घालवलेत. त्या टॉर्चच्या उजेडात मला भेगा दिसल्या तशा त्यांच्यामधल्या गुळगुळीत जागाही दिसत होत्या, आणि त्यातली कुठली जागा कुणी घासलीय हेसुद्धा सांगता आलं असतं. पण गिऱ्हाइकाला कोण कशाला सांगेल?

जर्मनीत स्टुटगार्टच्या दक्षिणेला आल्ब नावाची डोंगररांग आहे आणि तिच्या पायथ्याला, टेकच्या किल्ल्याच्या आसपास, ग्लायडरच्या धावपट्ट्या बऱ्याच. आमचा क्लब त्यातलाच एक. इथे विमान कुणा एकाच्या मालकीचं नसतं आणि ते उडवायला मिळावं म्हणून वर्गणीबरोबर हिवाळ्यात ठरावीक तास वर्कशॉपमध्ये राबावं लागतं. तास भरले नाहीत तर पैसे भरा. जिना झाडायची आठवड्याची पाळी दाराला पाटी लटकवून वाटून घेणारा हा प्रांत, त्यामुळे या हिशेबात कुणी गमतीनेही सूट मागत नाही. वर्कशॉप सांभाळणारे जे आहेत ते सत्तरी ओलांडलेले. क्लबात सगळे एकमेकांना अरेतुरे करतात, त्यांनाही करतात. मीही तोंडाने करते, पण मनात ते माझे आजोबाच आहेत. पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाले, “अंगठी काढ. घड्याळ काढ. पट्ट्याचं बक्कल पुढे असेल तर मागे फिरव.” एवढं झाल्यावर पंखाजवळ जायला परवानगी.

ज्याला आपण सरसकट रंग म्हणतो तो खरं तर रंग नव्हेच. जेलकोट म्हणतात त्याला. पांढरं रंगद्रव्य मिसळलेलं पॉलिएस्टर रेझिन, साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचं. एरवी कुठलीही वस्तू आधी घडते आणि मग तिला रंग लागतो. इथे क्रम उलटा. ग्लायडरच्या पंखाचा साचा असतो, खालचा अर्धा आणि वरचा अर्धा. साचा आरशासारखा घासायचा, त्याला मेण लावायचं, म्हणजे पुढे पंख सुटून येतो. मग रिकाम्या साच्यात पहिल्यांदा हा पांढरा थर फवारायचा. तो अर्धवट सुकला, बोटाला चिकटतो पण लागत नाही अशा बेताला आला, की त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड, इपॉक्सी रेझिन, मध्ये फोमचा थर, परत कापड. मुख्य तुळई बसवायची ती त्यानंतर, आणि शेवटी दोन्ही अर्धे एकमेकांवर चिकटवायचे. म्हणजे विमानाची कातडी सगळ्यात आधी जन्माला येते आणि हाडं मागाहून. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी आजोबांना दोनदा विचारलं. त्यांनी साच्याचा एक तुटका तुकडा आणून हातात दिला.

हे तंत्र इथलंच, म्हणजे अगदी या परिसरातलं. स्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांच्या विमान-गटाने बांधलेलं ‘फिनिक्स’ हे २७ नोव्हेंबर १९५७ला उडालं, ते काचतंतूंचं पहिलं ग्लायडर. एप्लर आणि नेगेले ही त्यामागची दोन नावं. त्याआधी चाळीसेक वर्षं सगळा खेळ लाकडाचा. १९२० साली र्‍योन डोंगरातल्या वासरकुप्पंवर पहिली स्पर्धा भरली तेव्हा पोरं लाकूड, कापड आणि सरस घेऊनच वर चढली होती. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीतली इंजिनाची विमानं जवळपास बंदच करून टाकलेली, मग बिनइंजिनाची तर उडवू, हा त्यांचा हट्ट. लाकडाचं ग्लायडर सुंदर असतंच, पण ते हवामानाबरोबर फुगतं, आकसतं. हवा पंखाच्या पाठीवरून न फाटता, थरावर थर घसरत जावी यासाठी जो अचूक आकार लागतो तो लाकडावर टिकवणं फार कठीण. साच्यातून निघालेल्या काचेच्या पंखाने ते जमवलं. आणि ज्या थरामुळे तो आकार हवेला गुळगुळीत लागतो, तो हाच.

माझ्या ग्लायडरच्या आठवणी मात्र कापडाच्या आहेत. रविवारी सकाळी बाबा स्कूटरवर पुढे मला उभी करून हडपसरला न्यायचे, सासवड रस्त्याला. ग्लायडिंग सेंटरच्या कुंपणाबाहेर उभं राहायचं आणि पलीकडच्या टोकाला विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, दोर ओढायला सुरुवात केली की श्वास रोखायचा. ग्लायडर इतक्या उभ्या कोनात वर जायचं की ते मागे उलटणार असंच वाटायचं. वर गेल्यावर दोर सुटल्याचा बारीकसा आवाज, आणि मग काहीच नाही. एकदा ओळखीच्या कुणीतरी आत सोडलं होतं. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, त्यावर डोपचे, म्हणजे कापड ताठ करणाऱ्या रोगणाचे, हात. मी टिचकी मारली तर पंख डफासारखा वाजला, आणि तो डोपचा गोडसर, डोक्यात जाणारा वास पुढे कित्येक दिवस मला माझ्या फ्रॉकला येत राहिला. आपल्याकडे घडलेलं ‘रोहिणी’ हे नाव बाबांच्याच तोंडून ऐकलेलं. दोघांनी शेजारी शेजारी बसायचं लाकडी ग्लायडर, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीचं, रामामृतम यांनी आखलेलं. बाबा ते नाव घरातल्या कुणाचं घ्यावं तसं घ्यायचे.

ग्लायडर पांढरीच का असतात, हे विचारायचं मला हडपसरला सुचलं नव्हतं. इथे पहिल्या उन्हाळ्यात कळलं. इपॉक्सी रेझिन तापलं की मऊ पडायला लागतं. बऱ्याच जुन्या ग्लायडरना मान्यता देताना आतल्या सांगाड्याचं तापमान ५४ अंशांच्या वर जाणार नाही असं धरलेलं असतं. पांढरा रंग ऊन परतवतो म्हणून हा हिशेब जुळतो. त्याच विमानाला निळा किंवा लाल रंग दिला तर पंखाची पाठ उन्हात भलतीच तापेल. म्हणून नाकावर, पंखांच्या टोकांना आणि शेपटीवर तेवढे लाल पट्टे, दुसऱ्या वैमानिकाला दिसावं यासाठी. बाकी सगळं पांढरं. दोन हातांवर सनस्क्रीन चोपडून, टोपी घालून, त्या पांढऱ्या पंखाच्या सावलीत आम्ही डबे उघडतो.

ज्या उन्हापासून हा थर आतल्या काचेला वाचवतो तेच ऊन त्याला खातं. अतिनील किरणांनी पॉलिएस्टर ठिसूळ होत जातं, पिवळं पडतं. त्यात उड्डाण म्हणजे नुसती हालचाल. पंख वर वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो. म्हणून भेगा पंखाच्या लांबीला आडव्या पडतात. वर थंडी. आल्प्सवरून वाहताना वर उसळणाऱ्या हवेच्या लाटांवर चढत कुणी ६,००० मीटरवर गेलं तर प्रमाण हिशेबाने तिथे उणे २४ अंश असतात आणि तासाभराने तेच विमान खाली उन्हात उभं. बाहेरचा ठिसूळ थर आणि आतला चिवट सांगाडा सारखे आकसत-ताणत नाहीत, मग बाहेरचा सोडून देतो. थर जाड असेल तर आणखी लवकर. एकदा भेग पडली की ओल आत शिरते. ओलीला थंडीत गोठायची सवय. भेग फक्त जेलकोटमध्ये आहे तोवर विमान उडतं; ती काचेत उतरलीय का हे पाहायला तपासनीस बोटभर जागा घासायला लावतात आणि भिंग घेऊन वाकतात. त्या मिनिटभरात वर्कशॉपमधला रेडिओ कुणीतरी हळूच बारीक करतं.

घासायचं काम पाण्यानेच. पुण्यात गॅरेजवाले ज्याला वॉटर पेपर म्हणतात तोच. ६००, ८००, मग १०००, कधी त्याच्याही वर; आकडा मोठा तितका कागद बारीक. बादलीत कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, आणि कागद नुसत्या हाताने न धरता ठोकळ्याला गुंडाळून, कारण बोटं दाबली की बोटांइतके खड्डे पडतात आणि डोळ्यांना ते दिसले नाहीत तरी हवेला दिसतात. आजोबा आधी पंखावर पेन्सिलीने फुल्याफुल्यांची जाळी काढतात, पुसट. मग पंखाला ४५ अंशांत, लांब हात, एकदा या तिरप्याने, एकदा त्या तिरप्याने. उंचवट्यावरची पेन्सील आधी जाते, खोलगट जागेतली उरते. सगळी रेघ गेली की तेवढा भाग झाला, पुढे एकही हात मारायचा नाही. तांदळाच्या धुवणासारखं पांढरं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं, स्वेटरच्या बाहीत शिरतं, आणि तासाभराने बोटांच्या टोकांवरच्या रेषा इतक्या पुसट होतात की फोन बोट ओळखत नाही. सगळं लक्ष त्या पाण्याच्या रंगाकडे. पांढरं आहे तोवर ठीक. पृष्ठभागाखालून हिरवट-काळपट विणीची जाळी दिसायला लागली की थांब, तिथे जेलकोट संपून काच सुरू होते.

अशी जागा आमच्या डाव्या पंखावर टोकाजवळ आहे, रुपयाच्या नाण्याएवढी. फार जुनी, मी यायच्या आधीची. कुणाच्या हातची ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही.

घासून झालं की मेण. इथे खरी गंमत. कडक मेणाची वीट असते, बऱ्याचदा ब्राझीलच्या ईशान्येकडच्या कार्नौबा ताडाचं मेण त्यात असतं. तो ताड कोरड्या मुलखात आपलं पाणी टिकवायला पानांवर मेण धरतो, आणि ते ऐंशी अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. बफिंग मशीनची कापडी चकती फिरत ठेवायची, वीट तिला क्षणभर टेकवायची आणि चकती पंखावर आणायची. मेणाचे बारीक कण चष्म्यावर उडतात, केसांत बसतात, रात्री उशीवर सापडतात. चकती एका जागी क्षणभर जास्त रेंगाळली तर जागा तापून जळते. मागच्या कडेला तर पंख इतका पातळ असतो की चकती नेहमी कडेवरून बाहेर जाईल अशीच फिरवायची, कडेवर चढेल अशी कधीच नाही. नाहीतर मशीन हातातून हिसकावलं जातं. पहिल्या दिवशी आजोबांनी विचारलं, “संध्याकाळी कुठे जायचंय का तुला?” मी हो म्हटलं. “मग आज मशीनला हात लावू नकोस.”

सिलिकॉन असलेली पॉलिशं मात्र वर्कशॉपच्या दाराआत येत नाहीत. गाडीवर ती झकास दिसतात, पण ती पृष्ठभागात मुरून बसतात, आणि पुढे कधी तिथे दुरुस्ती करायची वेळ आली की नवा थर चिकटतच नाही, फवारल्या फवारल्या त्यात खळगे पडतात. एका नव्या सभासदाने हौसेने आणलेली अशी बाटली आजोबांनी दोन बोटांत धरून बाहेर नेली होती. मग ती कुठे गेली कुणास ठाऊक. त्यांची स्वतःची गाडी गेल्या दहा वर्षांत धुतलेलीही मी पाहिलेली नाही, पण ते एक सोडा.

आईला हे सगळं फोनवर सांगितलं तर तिला एकच प्रश्न पडतो. “सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन लोकांची विमानं पुसतेस? आणि घरी कोण पुसतं?”

तिचं अगदीच चूक नाही. हिवाळ्यातलं सोडा, उन्हाळ्यात उड्डाणाच्या दिवशीसुद्धा निम्मा वेळ पुसण्यातच जातो. सकाळी दंव. ते कोरड्या फडक्याने पुसायचं नाही, कारण रात्रभर बसलेली धूळ त्याखाली पॉलिश पेपरचं काम करते. आधी भरपूर पाणी, मग स्पंज, मग ओलं करून पिळलेलं शामोआ चामडं. संध्याकाळी परत तेच, कारण पुढच्या कडेवर माश्या-चिलटं चिकटलेली असतात. एक चिलट म्हणजे काय असेल ते? पण कडेवर ते चिकटलं की त्याच्या मागे हवेचा एक पाचरीच्या आकाराचा पट्टा विस्कटतो, आणि अशी शंभर चिलटं म्हणजे विमान लवकर खाली. स्पर्धेतली ग्लायडर तर दोऱ्याला बांधलेलं छोटं पातं उडता उडता पंखाच्या कडेवरून टोकापर्यंत सोडतात, ते चिलटं खरवडत जातं आणि मग दोरा ओढून परत आत. आकाशात असा पोछा मारणारी जात दुसरी नसावी. आईला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

तरी एक शंका मला सुटत नाही. वेगाला चकाकी लागतच नाही, असं जाणकार म्हणतात. ६००च्या कागदावर थांबलेला, दिसायला अगदी निस्तेज पंखही हवेला चालतो. तिला नडतात ते उंचसखल भाग. जुन्या पंखात तुळईच्या जागी वर्षानुवर्षं रेझिन आकसत जाऊन पाठीवर एक लांब उंचवटा येतो. डायल गेज लावून ठेवलेला ठोकळा पंखावरून सरकवला की काटा मिलिमीटरच्या शतांशात वरखाली होताना दिसतो. म्हणजे खरं काम त्या काट्यासाठी. मेण घाण आणि ओल धरू नये म्हणून, आणि उन्हाला थोडा अडसर म्हणून. मग शेवटच्या दिवशी आम्ही सगळे पंखाच्या टोकाशी उकिडवे बसून, एक डोळा मिटून, त्यात छताच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ दिसतंय का वाकडं, हे पाहत बसतो ते कशासाठी? कुणी विचारलं तर आम्ही काट्याचंच कारण सांगतो.

आणि दर वेळी थोडा थर जातो. पॉलिशने अगदी नगण्य, वॉटर पेपरने जाणवण्याइतका. किती उरलाय हे कळायला सोपा मार्गही नाही. गाडीच्या रंगाची जाडी मोजायचं जे साधं यंत्र असतं ते धातूच्या पत्र्यावर चालतं. काचेवर ठेवलं की गप्प. आजोबा अंदाजाने सांगतात. कुठली जागा कोण किती दाबून घासतं हे त्यांना माहीत असतं, आणि त्यावरून ते त्या वर्षी कुणाला कुठे बसवायचं ते ठरवतात. मला वाटायचं, ते मला नेहमी मुळाशी बसवतात ते मी उंचीने कमी म्हणून. परवा बोलता बोलता निघालं: मुळाशी थर जाड शिल्लक आहे.

गिऱ्हाईक गेल्यावर एप्रिलच्या सभेत विषय आलाच. किंमत आणखी उतरवून विकायचं, हा एक पर्याय. दुसरा, सगळा जुना जेलकोट उतरवून नवा चढवायला बाहेर पाठवायचं. शेकडो तासांचं काम. मजुरी स्वस्त म्हणून बरेच क्लब पूर्व युरोपात पाठवतात, तरी येणारं बिल आमच्या या विमानाच्या किमतीच्या पुढे जातं. शिवाय नव्या थराचं वजन. पंखाच्या मागच्या कडेला हलणारी जी पाती असतात ती बिजागरीच्या मागे थोडी जरी जड झाली तर वेगात थरथरायला लागू शकतात, आणि ती थरथर विमान मोडते. म्हणून रंगानंतर प्रत्येक पातं सोडवून तोलून पाहावं लागतं. तरुण सभासदांचं म्हणणं, एवढ्या खटाटोपापेक्षा त्या पैशात कार्बनचं एखादं नवं विमान घ्यायची सुरुवात करू. त्यांचा मुद्दा पटण्यासारखा होता, आणि मी मान डोलावतही होते. मग आजोबा उठले. पंखाच्या खालच्या बाजूंना अजून काही झालेलं नाही, ऊन खातात त्या वरच्या बाजू, तेवढ्याच दोन आपण इथे उतरवू, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, आणि पॉलियुरेथेन मारू. ते जास्त लवचिक असतं, लवकर तडकत नाही. घासायला मात्र कटकटीचं, हेही त्यांनीच सांगितलं. भाषण केलं नाही. एका कागदावर नावं आणि तास लिहून आणले होते, तो कागद फिरवला.

मतदानात ठराव थोडक्यात पास झाला. तरुणांपैकीही दोघांनी हात वर केले. उजव्या पंखाची वरची बाजू, मुळापासून मध्यापर्यंत, माझ्या नावावर. खजिनदारांना काळजी एकच, या जादा तासांची नोंद कुठल्या रकान्यात करायची. त्यावर पाऊण तास चर्चा झाली आणि निर्णय पुढच्या सभेवर ढकलला.

दिवाळीनंतर आईबाबा इकडे येणार आहेत. बाबांना सांगितलं, येताना ८००चा वॉटर पेपर घेऊन या, इथे महाग पडतो. किती, म्हणाले. शंभर शीट. पलीकडे जरा वेळ शांतता, मग आईचा आवाज, “कपडे कुठे ठेवायचे मग?” बाबांना त्याचं काही नव्हतं. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की सभासद नसलेल्या माणसाला तिथे थोडं घासू देतात का.

विम्याचे नियम बघून सांगते, म्हटलं.